पाठमोरे फोटो

“शेटे मॅडम, या शाळेतल्या मुलांना तोंडं नाहीत का?”

गटशिक्षणाधिकारी धुमाळ साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर तांबेवाडीच्या शाळेचे अकरा फोटो होते. प्रत्येक फोटोत फळा होता, फळ्यावर तारीख होती, खालच्या काळ्या पट्टीत अक्षांश-रेखांश होते, आणि मुलं पाठमोरी बसलेली होती. अकराच्या अकरा फोटोंत नुसत्या पाठी.

“एखाद्या वेळी चुकून येईल असा,” साहेब म्हणाले. “अकरा वेळा? ही बाई एकदाच पोरं बसवते आणि पुढे नुसती तारीख बदलते. मी तीस वर्षं खात्यात आहे, मॅडम.”

“पाठी वेगवेगळ्या आहेत, सर. तिसऱ्या फोटोत खिडकीजवळ दोघं आहेत. सातव्यात एकच मुलगी आहे.”

“तुम्ही मोजलं?”

“हो.”

साहेब हसले. “म्हणूनच तुम्हाला पाठवतोय. उद्या आठच्या लाँचनं जा. पाचच्या आत एक फोटो, समोरून, तोंडं दिसतील असा. नाही आला तर मला नोटीस काढावी लागेल. नोटीस निघाली की बाई तालुक्याला येणार आणि शाळा धरणाच्या अलीकडच्या शाळेत जोडली जाणार. सतरा पोरं रोज लाँचनं कशी आणायची, ते मला विचारू नका. मलाही ते नकोच आहे.”

ते मनापासून बोलत होते. पुढचं सांगण्याआधी हे नोंदवून ठेवते, कारण या गोष्टीत कुणीच वाईट हेतूनं वागलं नाही. निदान आम्हा खात्यातल्यांपैकी, जे तिथे हजर होतो, त्यांपैकी तरी.

त्या वर्षी मी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात प्रतिनियुक्तीवर होते. मूळची विज्ञानाची शिक्षिका. भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली आणि संगणकाला न घाबरणारी, एवढ्यावर मला शिक्षकांना इंटरनेट शिकवायला बसवलं होतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण मीच आखलं होतं. माहिती कशी शोधायची, खरी-खोटी कशी पारखायची, व्हिडिओ उतरवून वर्गात कसा दाखवायचा. शेवटच्या दिवशी ‘जबाबदार वापर’ नावाचं पंचेचाळीस मिनिटांचं सत्र होतं. त्यात पासवर्ड होता, फसवे संदेश होते, व्हायरस होता. त्याच दिवशी फोटोवर ठिकाण कसं उमटवायचं तेही शिकवायचे, कारण वर्गात इंटरनेट वापरल्याचा पुरावा म्हणून दर आठवड्याला प्रत्येक शाळेनं एक फोटो पोर्टलवर चढवायचा होता.

“हे सहा दशांश स्थळांचे आकडे दिसतात ना,” मी सांगायचे, “त्यातलं शेवटचं स्थळ म्हणजे जमिनीवरचे अकरा सेंटिमीटर. अर्धी वीत.”

शिक्षक आ वासून बघायचे. मला ते आवडायचं.

तांबेवाडी धरणाच्या पाण्यापलीकडे आहे. सकाळी आठला एक लाँच जाते, दुपारी साडेचारला तीच परत येते. रविवारी तीही नसते. मधल्या वेळात माणूस तिथेच.

शाळेत दोन खोल्या, मागे खिचडी शिजवायची शेड, समोर पाणी. शालन संकपाळ बाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पदर खोचलेला. दुसरं शिक्षकाचं पद रिकामं होतं, त्यामुळे पहिली ते चौथी त्या एकट्याच बघत होत्या.

“फोटोसाठी आलात,” त्या म्हणाल्या. नमस्कार त्यानंतर.

“मदतीसाठी आले, बाई.”

“बरं. आधी वर्ग बघा. मदत काय करायची ते मग ठरवू.”

मी मागे बसले. बाईंनी एक जाड वही उघडली. पानापानांवर मुलांचे प्रश्न होते, प्रत्येकाच्या पुढे तारीख. गावात नेटवर्क नव्हतं. ते फक्त वर, डोंगराच्या खांद्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी मिळायचं. शाळा सुटली की बाई वही घेऊन टाकीवर जायच्या, उत्तरं शोधायच्या, लिहून खाली आणायच्या.

“परवाचा प्रश्न. माशाला तहान लागते का? कुणी विचारला होता?”

खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. चौथीतली असावी. वेणीत पेन्सिल खोचलेली.

“कावेरी, मी दोन ठिकाणी बघितलं,” बाई म्हणाल्या. “एका ठिकाणी लिहिलंय, मासे पाणी पीत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय, पितात. आता कुणाचं खरं धरायचं?”

“ज्याच्यात चित्र आहे त्याचं,” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

“चित्र तर दोन्हीकडे होतं. मग मी तिसरं ठिकाण बघितलं. समुद्रातला मासा पितो. आपल्या धरणातला पीत नाही. त्याच्या अंगात आपसूक पाणी शिरतं. म्हणजे दोघंही अर्धं अर्धं सांगत होते.”

कावेरीनं वेणीतली पेन्सिल काढून ते लिहून घेतलं आणि पेन्सिल परत खोचली.

तीन दिवसांत मी साठ-साठ शिक्षकांना जे शिकवू पाहत होते, ते इथे एक बाई वर्गात नेटवर्क नसताना करत होती. आणि कार्यालयाच्या कागदावर ही शाळा शून्य होती. मला रागच आला. खिचडीच्या सुट्टीत मी बाईंना सरळ विचारलं.

“समोरून फोटो का नाही काढत?”

“मुलं लाजतात.”

“सतराही?”

“सतराही.”

“बाई, तुमची इथून उचलबांगडी होईल.”

“नोटीस, खुलासा, सुनावणी. जून उजाडेल तोवर.” त्या ताटं गोळा करत होत्या. “मला जूनपर्यंतच हवंय. चौथी एकदा पार पडू दे.”

“जूनमध्ये काय आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी तोलत होत्या, असं आता वाटतं. शेडमधून स्वयंपाकाच्या मावशी बाहेर आल्या, आम्हाला बघून परत आत गेल्या.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “तासभर वर्ग सांभाळता का? तुम्ही आहात तोवर जरा टाकीवर जाऊन येते. उद्याचा व्हिडिओ उतरवून घ्यायचाय.”

त्या वही घेऊन गेल्या. मी वर्गात आले. पाण्यावरून उजेड येत होता आणि सगळ्या खोलीवर सारखा पसरला होता. यापेक्षा चांगला फोटो त्या तालुक्यात निघाला नसता. मी फोन वर केला.

“चला, फोटो काढू या.”

सतरा मुलं उठली, गर्रकन वळली आणि फळ्याकडे तोंड करून बसली. सतरंजीवर पाय घासल्याचा एकच आवाज. प्रार्थनेला हात जोडावेत तसं, कुणी काही न सांगता.

मला हसू आलं. “अरे, इकडे! इकडे बघा.”

“फोटोला असंच बसायचं असतंय,” पहिलीतला एक मुलगा मान न वळवता म्हणाला.

“आज तसं नाही. आज माझ्याकडे बघायचं.”

ती चुळबुळली. मग कावेरी अर्धवट वळली.

“बाईंनी सांगितलंय का?”

“हो,” मी म्हणाले.

मी खोटं बोलत नाही. प्रयोगवहीत मनानंच आकडा टाकणाऱ्या मुलांना मी परत प्रयोग करायला लावते. पण ते ‘हो’ इतकं सहज निघालं, की तेव्हा ते मोजावं असंही मला वाटलं नाही. ती वळली, तशी सगळी वळली. मी फोटोचं बटण दाबणार इतक्यात कुणीतरी पाठीमागून मासा कसा पाणी पितो त्याची नक्कल केली आणि सगळी हसली. कावेरी डावीकडून तिसरी. तिच्या पुढच्या दातांत फट होती.

बाई खाली आल्यावर मी म्हणाले, मला एक फोन करायचा आहे, आणि टाकीवर गेले. चढायला वीस मिनिटं लागली. दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी फोटो पोर्टलवर चढला, हिरवी खूण उमटली. लगेच फोन वाजला. कार्यालयातली डेटा एन्ट्री करणारी रेश्मा मुल्ला.

“मॅडम, काय फोटो आहे! साहेब बघतच राहिले. म्हणतात, आपल्या पेजवर टाक, उपक्रमशील शाळा म्हणून. टाकू का?”

आमच्या कार्यालयाचं एक पेज होतं. ते राज्यभरचे अकरा हजार शिक्षक बघायचे. सजवायला मीच मदत केली होती.

“टाक की,” मी म्हणाले. “बाईंचं आणि शाळेचं नाव नीट लिही.”

उतरताना मी शीळ घालत होते.

बाई व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. “झालं तुमचं काम. आता नोटीस येत नाही.”

त्यांनी फोन हातात घेतला नाही. चष्मा वर सरकवून नुसतं पाहिलं. मग लाल पेनचं टोपण लावलं, वही मिटली, वहीवर पेन ठेवला. हे सगळं त्यांनी फार हळू केलं.

“कुठं कुठं गेलाय?”

“पोर्टलवर. आणि आपल्या पेजवर.”

“पेजवर.”

“अकरा हजार शिक्षक बघतात, बाई. तुमचं नाव...”

“त्यातला एक तिचा बाप आहे,” बाई म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांनी फोटोतल्या कावेरीवर बोट ठेवलं.

“मास्तर आहे. आपल्याच खात्यात, दुसऱ्या जिल्ह्यात. शेडमधल्या मंगलचा नवरा. दोनदा पळाली ती. पहिल्यांदा रेशनकार्डावरून सापडली, तिचं मनगट मोडलं त्यानं. दुसऱ्यांदा पोरीला उचलून नेलं. अकरा दिवस पोरगी कुठे ते आईला माहीत नव्हतं. दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आली, कागद एकही नाही. मी पोरीला भरती करून घेतलं. इथं लाँचमधून कोण उतरतं ते सगळ्या गावाला दिसतं, म्हणून इथं ठेवली. तो शिक्षकांच्या ग्रुपमध्ये पोरीचा जुना फोटो फिरवत असतो. हरवली आहे, कळवा म्हणून. तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही कार्यालयाच्या, मॅडम. आणि तोही कार्यालयाचाच. तुम्ही त्याला सांगितलं नसतं. तुम्ही धुमाळ साहेबांना सांगितलं असतं, भल्यासाठी. त्यांनी त्याच्या साहेबांना फोन केला असता, भल्यासाठीच.” त्या उठल्या. “जूनमध्ये पोरीला मुलींच्या निवासी शाळेत घेणार होते. तिथं फाटकाला माणूस असतो. चला, टाकीवर चला.”

आम्ही दोघी चढलो. माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट फिरत होती, जी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ठिकाण लोकांना माहीत असलं तरी चालतं. चेहरा माहीत असला तरी चालतं. दोन्ही एका चौकटीत बसवले की तो पत्ता होतो. आणि शिक्षकांना त्या चौकटीत दोन्ही बसवायला मी सहा महिने शिकवत होते.

पोर्टलवरचा फोटो मी बदलला. त्याच खणात बाईंच्या फोनमधला पाठमोरा फोटो घातला की जुना आपोआप निघून जात होता. त्याला चौदा मिनिटं लागली, कारण मघाशी धावणारं नेटवर्क आता रांगत होतं. मग रेश्माला फोन लावला.

“पेजवरचा फोटो काढ. आत्ताच्या आत्ता.”

“का ओ मॅडम? चारशे बारा जणांनी बघितला. किती छान छान लिहितायत.”

“काढ, रेश्मा.”

“साहेबांना विचारल्याशिवाय कसा काढू? मागं एक काढला होता तर महिनाभर ऐकून घेतलं मी, तुम्हाला माहितीये ना. साहेब जिल्ह्याच्या मीटिंगला बसलेत स्क्रीनसमोर. सुटले की सांगते. पण कारण काय सांगू?”

बाई माझ्याकडे बघत होत्या.

“मॅडम? कारण काय सांगू?”

“मी येऊन सांगते,” मी म्हणाले.

आम्ही खाली आलो तेव्हा चार वाजले होते. साडेचारच्या लाँचवाचून तालुक्याला पोचायचा दुसरा मार्ग नव्हता. मी धक्क्यावर आले तेव्हा लाँचमध्ये आधीच दोघी बसल्या होत्या. मंगल आणि कावेरी. पायाशी एक कापडी पिशवी आणि एक दप्तर. बाई खाली आल्याआल्या शेडमध्ये गेल्या होत्या. त्यानंतर पंधरा मिनिटांत त्या दोघी निघाल्या होत्या.

लाँच सुटली. पुढचा सव्वा तास मी त्यांच्यासमोरच्या बाकावर होते. उठून जायला जागा नव्हती. चहूकडे पाणी, इंजिनाचा एकसुरी आवाज, आणि फोनवर नेटवर्कच्या जागी रिकामा त्रिकोण. तिकडे तो आकडा वाढत असणार, आणि मला तो दिसतही नव्हता.

“मंगलताई,” मी शेवटी म्हणाले. “मी उद्या सकाळी तो काढून टाकते. नक्की. दोन दिवस थांबा ना.”

“आजची रात कुठं जाती मॅडम,” ती म्हणाली. रागानं नाही. “त्याचं गाव सा तासावर हाय. मोटारसायकल हाय त्याची.”

“त्यानं बघितला असेलच असं नाही.”

“नसंल बघितला. आमाला कसं कळणार? दारात आल्यावरच कळतंय.”

कावेरी पाण्याकडे बघत होती. इतका वेळ तिनं मान वळवली नव्हती. तशीच बघत ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात, बाईंनी सांगितलंय.”

मंगलनं तिच्या मांडीवर हात ठेवला. “गप, बाय.”

मला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलंही असेल. इंजिनाच्या आवाजात काही बोललं असतं तरी ते ऐकू गेलं नसतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

अलीकडच्या धक्क्याला लागल्यावर मी विचारलं, “कुठे जाणार? मी स्टँडपर्यंत येते.”

“नगं. कुठं ते तुमच्या फोनात नगं जायला.” ती पायरी उतरली, मग वळली. “निघाला फोटो तर बाईंना सांगून ठेवा. मी कवातरी फोन करीन बाईंना. जमलं तर येऊ माघारी. तिची परीक्षा हाय.”

धुमाळ साहेब फोनवर म्हणाले, उद्या या, लेखी घेऊन या. शनिवारी साडेदहाला मी त्यांच्यासमोर होते. रेश्मा कोपऱ्यातल्या संगणकावर.

“काढतो की,” साहेब म्हणाले. “पण कारण? काल संध्याकाळी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी स्वतः कौतुक केलंय त्याचं. आज गायब झाला तर मला विचारणार. एका ओळीत लिहून द्या, मी वर पाठवतो. एखाद्या पालकाची हरकत आहे का? मग पालकाचं नाव, मुलाचं नाव, बस्स.”

“नाव नको, सर.”

“नावाशिवाय हरकत कशी होईल? मॅडम, मी तुमच्या बाजूनं आहे. काय भानगड आहे ते सांगा, मी स्वतः फोन करून मिटवतो.”

ते खरंच मिटवायला निघाले असते. बाई म्हणाल्या होत्या तसंच, भल्यासाठी. माझ्यापुढे कोरा कागद होता. त्यावर खरं कारण लिहिलं, तर ते टेबलावरून टेबलावर, या तालुक्यातून त्या जिल्ह्यात, शिक्के खात जाणार होतं. कारण लिहिलं नाही, तर फोटो राहणार होता. लपवायची गोष्ट काढून टाकण्यासाठी ती आधी नोंदवावी लागत होती. रेश्मा म्हणाली, “मॅडम, पाणी देऊ?”

मग मी लिहिलं. पाठ आहे मला अजून.

‘तांबेवाडी शाळेच्या नावे मी शुक्रवारी दिलेला फोटो त्या शाळेचा नाही व त्या दिवसाचाही नाही. काम वेळेत दाखवण्याच्या घाईत मी दुसरीकडचा जुना फोटो वापरला. मुख्याध्यापिका श्रीमती संकपाळ यांना याची कल्पना नव्हती. फोटो त्वरित काढून टाकावा.’

साहेबांनी दोनदा वाचलं.

“पण खाली अक्षांश-रेखांश तांबेवाडीचेच आहेत.”

“ते बदलता येतात, सर.”

“तुम्हीच तर सांगता ना, अर्ध्या वितीपर्यंत बरोबर असतात म्हणून?”

“आकडे असतात. फोटो खरा असेलच असं नाही.”

ते खुर्चीत मागे टेकले. रागावले असते तर बरं झालं असतं. “तुमच्याकडून नव्हती अपेक्षा, शेटे मॅडम,” ते म्हणाले, आणि रेश्माकडे न बघता, “काढ तो.”

खऱ्या कारणाला नाव, गाव, सही लागत होती. खोटेपणाच्या कबुलीला मिनिटही लागलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोटो गेला. जाताना त्याखालचा आकडा दोन हजार तीनशे सहा होता.

“आणि तांबेवाडीचा खरा फोटो?” साहेबांनी विचारलं.

“अकरा आहेत, सर. सगळे खरे आहेत. पाठी मोजून बघा.”

त्यांनी मोजल्या की नाही माहीत नाही. बाईंना नोटीस गेली नाही. बोगस फोटोच्या चौकशीत त्यांचं प्रकरण मागे पडलं असावं. माझी प्रतिनियुक्ती आठवड्यात संपली. सेवापुस्तकात ‘दिशाभूल करणारा पुरावा सादर केल्याबद्दल सक्त ताकीद’ अशी नोंद झाली. ती दुरुस्त करून घेता आली असती. पण दुरुस्तीलाही लेखी कारण लागतं.

सोमवारी मी पुन्हा आठची लाँच धरली. बाईंना सांगितलं की फोटो निघाला. त्यांनी मान हलवली.

“फोन आला तर सांगीन तिला.”

“तुम्ही करू शकत नाही?”

“नंबर नाही. मीच सांगितलं होतं तिला, कुणालाही नंबर देऊ नको. मलाही.” त्या खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. “आता सगळं ठीक आहे, हे तिला सांगायला तिला शोधावं लागेल. आणि शोधलं, की परत ठीक राहणार नाही.”

मला शोधता येतं. माणसं कशी सापडतात ते मी शिकवत होते. त्या दिवसापासून आजवर मी ते दोन शब्द, त्या मुलीचं नाव आणि आडनाव, कुठल्याही चौकटीत लिहिलेले नाहीत. हाताला सवय असते. कधीकधी तो पहिल्या अक्षरापर्यंत जातो.

त्या जूनमध्ये चौथीची सोळा मुलं... नाही, चौथीत चारच होती. शाळेतली सोळा मुलं पुढच्या वर्गात गेली. बाई तीन वर्षांनी त्याच शाळेतून निवृत्त झाल्या आणि साताऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. मी दर दिवाळीत जाते. फराळाआधीच विचारते.

“आला का?”

“नाही,” बाई म्हणतात. त्यांनी नंबर बदललेला नाही. फोन जुना झालाय, बटणं आत बसलीत, पण तोच ठेवलाय.

गेल्या दिवाळीला निघताना त्यांनी मला एक पाकीट दिलं. फोटो होता, स्टुडिओतून कागदावर काढून आणलेला. अकरांतला सातवा. खिडकीजवळ एकटीच मुलगी, पाठमोरी, वेणीत पेन्सिल. मी उजेडाकडे धरला तेव्हा लक्षात आलं, फोटो खालून जरा आखूड होता. अक्षांश-रेखांशाची पट्टी बाईंनी कात्रीनं कापून टाकली होती. कड थोडी वाकडी गेली होती.

“यात आहे ती,” बाई म्हणाल्या.

“आहे,” मी म्हणाले.